जलद बस कुणासाठी? तुटीचा हिशेब आणि बायांचा वेळ

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय बसचा आहे. हुंडा, मारहाण, बलात्कार, पोटगी, समान वेतन हे आपले नेहमीचे विषय. त्यात हे बसचे काय मध्येच, असे काहीजणींना वाटले असेल. पण आपल्याकडे येणारी कुठलीही केस काढून बघा. पोटगीसाठी कोर्टाच्या तारखेला बाईला पोचायचे असते, तेव्हा दोन बस बदलाव्या लागतात आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. मुलीला अकरावीला प्रवेश मिळतो, पण "कॉलेज लांब आहे, बसचा भरवसा नाही" म्हणून बाप नाव काढून घेतो. संध्याकाळची पाळी दोन पैसे जास्त देणारी असली तरी शेवटची बस आधीच निघून गेलेली असते, म्हणून बाई ती घेत नाही. घराबाहेर पडण्याचा हक्क आपण घोषणेत मागतो. तो हक्क वापरायचा तर आधी बस यावी लागते.

म्हणून आज मी जलद बसबद्दल बोलणार आहे. तिची आखणी कोण करते, पैसा कुठून येतो, कशावर खर्च होतो आणि त्यात बाई कुठे असते, हे पाहू. उदाहरण मुख्यतः पुण्याचे घेणार आहे, कारण देशात जलद बसचा पहिला प्रयोग इथे झाला आणि त्यात काय बिघडले तेही इथेच नीट दिसते.

बाईची फेरी सरळ रेषेत नसते

वाहतुकीची आखणी करणारे लोक एक चित्र डोळ्यांसमोर ठेवतात. माणूस सकाळी घरातून निघतो, कामावर जातो, संध्याकाळी परत येतो. या चित्रातला माणूस पुरुष असतो, हे कुणी लिहीत नाही, पण तो असतो.

आता आपल्या ओळखीची एक बाई घ्या. समजा, ती चार घरी धुणेभांडी करते. सकाळी धाकट्याला पाळणाघरात सोडते. तिथून पहिल्या सोसायटीत जाते, मग दोन-तीन किलोमीटरवरच्या दुसऱ्या सोसायटीत. दुपारी परतताना रेशनचे दुकान, सासूचे औषध, मुलाला घेणे. एकाच दिवसात तिचे पाच-सहा छोटे प्रवास होतात आणि ते एकमेकांत गुंतलेले असतात. एक बस चुकली की पुढची सगळी साखळी कोलमडते. गर्दीची म्हणून जी वेळ धरली जाते, त्या वेळेत तिचा निम्मा प्रवास बसतच नाही. दुपारी बारा ते चार या वेळात फेऱ्या कमी करतात, आणि नेमकी तीच तिची परतीची वेळ असते.

२०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन विचारले गेले. पायी आणि बसने जाणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त निघाले, आणि सायकल-मोटरसायकलवर पुरुष पुढे. घरात दुचाकी आली तरी ती आधी कुणाच्या हाती जाते हे आपल्याला माहीत आहे. पण त्या जनगणनेतही प्रश्न फक्त कामाला जाणाऱ्यांना होता. पाणी भरायला, दवाखान्यात, शाळेत, रेशनला जाणारी बाई 'काम न करणारी' ठरली, आणि तिचा प्रवास मोजणीतच आला नाही. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी पैसाही ठेवला जात नाही. घरकामाच्या बाबतीत आपण हे पुष्कळ वर्षे सांगत आलो आहोत. बसच्या बाबतीतही तेच आहे.

जलद बस म्हणजे नुसता वेगळा रस्ता नव्हे

जलद बस ही कल्पना मुळात चांगली आहे, हे आधी सांगते. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ साली बससाठी रस्त्यात स्वतंत्र जागा राखली. कोलंबियाच्या बोगोता शहराने २००० साली 'ट्रान्समिलेनिओ' सुरू केली. तिच्या मुख्य मार्गावर एका दिशेने तासाला चाळीस हजारांहून जास्त माणसे जातात. मोटारींच्या एका मार्गिकेतून तासाला फार तर दोन हजारांच्या आसपास माणसे जातात. रस्ता सगळ्यांचा असेल तर माणसे मोजावीत, गाड्या मोजू नयेत, एवढा साधा न्याय यात आहे.

पण ही व्यवस्था पाच गोष्टी एकत्र आल्या तरच चालते. बसला रस्त्यात स्वतंत्र मार्गिका हवी. थांब्याचा फलाट आणि बसची जमीन एका पातळीवर हवी. तिकीट बसमध्ये चढण्याआधी मिळावे. चौकात बसला आधी सोडावे. आणि बस सारखी यावी, इतकी सारखी की वेळापत्रक बघायची गरज पडू नये.

यातल्या प्रत्येक गोष्टीत बाईचा संबंध आहे. एका पातळीवरचा फलाट म्हणजे कडेवर पोर, हातात पिशवी आणि नेसूची साडी असताना ती उंच पहिली पायरी चढावी लागत नाही. पोटुशी बाईला, गुडघे दुखणाऱ्या आजीला, कुबडी घेतलेल्या मुलीला विचारा, ती पायरी काय असते. तिकीट आधी घेतले की दारात रेटारेटी कमी होते, आणि रेटारेटीत कुणाचे हात कुठे जातात हे आपल्याला कुणी सांगायला नको. आणि बस सारखी आली की अंधारात थांब्यावर एकटीने ताटकळावे लागत नाही.

हिशेब करून बघू. समजा, स्वतंत्र मार्गिकेमुळे प्रवासातली आठ मिनिटे वाचली. पण बसची संख्या अपुरी म्हणून थांब्यावर पंचवीस मिनिटे उभे राहावे लागले. मग बस जलद झाली असे कागदावर म्हणता येईल, बाईचा दिवस मात्र जलद झाला नाही. सिमेंटची मार्गिका एकदा बांधता येते. फेऱ्या मात्र रोज चालवाव्या लागतात. सगळ्या गोष्टीचा पेच इथे आहे.

पुण्यात काय घडले

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर पुण्याने जलद बसची सुरुवात केली. पैसा आला जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून. केंद्र सरकारने ती २००५ साली आणली होती. पुण्याच्या आकाराच्या शहराला त्यात केंद्राकडून ५० टक्के, राज्याकडून २० टक्के आणि महापालिकेचे ३० टक्के, अशी वाटणी होती. शंभर रुपयांच्या कामाला घरातले तीसच घालायचे म्हटल्यावर शहरे धावली. पण ते शंभर रुपये कशासाठी होते? रस्ता, मार्गिका, थांबे, पूल यांच्या बांधकामासाठी. २००९ साली मंदीवर उपाय म्हणून केंद्राने शहरांना बस विकत घ्यायलाही पैसे दिले. बस रोज चालवायला मात्र दिले नाहीत.

त्यामुळे काय झाले? ज्याला पैसा होता ते झाले, ज्याला नव्हता ते राहिले. मार्गिका झाल्या. थांबे रस्त्याच्या मधोमध आले. पण मधल्या थांब्यापर्यंत पोचायला धड पादचारी मार्ग नाही, सिग्नल नाही. फलाटावर जाण्यासाठी धावत्या गाड्यांतून रस्ता ओलांडायचा. मुलाचा हात धरून तो रस्ता ओलांडणाऱ्या बाईला आखणीत कुणी पाहिलेच नव्हते. मार्गिकेत मोटारी आणि दुचाक्या शिरल्या, त्यांना अडवायला माणसे नव्हती, कारण माणसांचा पगार हा रोजचा खर्च आणि त्याला योजनेत जागा नाही.

२००७ साली पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन बससेवा एकत्र करून पीएमपीएमएल ही कंपनी झाली. २०१५ पासून दुसरा टप्पा आला, 'रेनबो' नावाने. संगमवाडी–विश्रांतवाडी, नगर रस्ता आणि पिंपरी-चिंचवडमधले मार्ग. पिंपरी-चिंचवडच्या काही मार्गांना जागतिक बँकेचे साहाय्य होते. पहिल्या प्रयोगापेक्षा आखणी बरी होती. फलाट आणि बस एका पातळीवर आले. तरीही नगर रस्त्यावरची मार्गिका २०२३-२४ मध्ये टप्प्याटप्प्याने काढून टाकली. कारण सांगितले, वाहतूक कोंडी.

इथे क्षणभर थांबूया. कोंडी कुणाची? बसमधल्या साठ-सत्तर माणसांची की मोटारीतल्या एकाची? दिल्लीत हाच वाद कोर्टात गेला होता. तिथे आंबेडकर नगर ते मूलचंद हा जेमतेम सहा किलोमीटरचा जलद बसमार्ग २००८ साली सुरू झाला. मोटारवाल्यांचा खोळंबा होतो म्हणून याचिका झाली. २०१२ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ती फेटाळली. तरी २०१६ साली तो मार्ग उखडलाच. कोर्टात जिंकूनही बस रस्त्यावर हरली, कारण मोटारवाल्यांचा आवाज वर्तमानपत्रात, मंत्र्यांच्या दालनात पोचतो. बसमध्ये लोंबकळणाऱ्यांचा पोचत नाही. आपण, स्त्री-संघटनांनी, त्या वेळी काही आवाज केला का, हा प्रश्न इथे उभा राहतो.

तूट म्हणजे काय?

आता पैशाकडे येऊ. दरवर्षी वर्तमानपत्रात बातमी येते, 'पीएमपी तोट्यात'. ही तूट काहीशे कोटींची असते, आणि ती मुख्यतः पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६० आणि ४० टक्के अशी भरून देतात. बातमीचा सूर असा असतो, की बससेवा म्हणजे घरातला उडाणटप्पू मुलगा, त्याला सारखे पैसे पुरवावे लागतात.

मैत्रिणींनो, उड्डाणपूल तोट्यात गेला अशी बातमी तुम्ही कधी वाचली आहे? बहुतेक उड्डाणपुलांवरून जायला मोटारवाला काही देत नाही. तो बांधायला, दुरुस्तीला, दिव्याला पैसे महापालिका घालते. पण त्याला 'विकास' म्हणतात. अंदाजपत्रकात तो भांडवली खर्चात बसतो. बसचे डिझेल, गॅस, वीज, ड्रायव्हर-कंडक्टरचे पगार हे महसुली खर्चात जातात, आणि त्यातले तिकिटातून न निघालेले पैसे म्हणजे 'तूट'. शब्द बदलला की नजर बदलते. घरात नाही का, नवऱ्याने गाडी घेतली तर ती 'गुंतवणूक', आणि बाईने गॅस-भाजीला पैसे मागितले तर तो 'खर्च'!

मेट्रोचे बघा. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला सुमारे ३१ किलोमीटरसाठी ११,४२० कोटी रुपये मंजूर झाले. म्हणजे किलोमीटरला साडेतीनशे कोटींहून जास्त. त्यासाठी केंद्र आले, राज्य आले, युरोपातल्या बँकांची कर्जे आली. मार्च २०२२ मध्ये तिचा पहिला भाग सुरू झाला. मेट्रो वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिच्या मार्गाजवळ राहणाऱ्या आणि तिकीट परवडणाऱ्या बाईला ती सोयीची आहे. पण जलद बसचा किलोमीटर त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पैशांत होतो, आणि बस वस्तीच्या तोंडाशी येऊ शकते. शिवाय मेट्रोच्या स्टेशनपर्यंत पोचायलाही बसच लागते. १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात घर-जमिनीच्या व्यवहारावर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का अधिभार लागतो. लोक त्याला 'मेट्रो सेस' म्हणूनच ओळखतात. नावातच ठरून गेले, पैसा कुणाचा!

खर्चाची आणखी एक बाजू आहे. आज बऱ्याच बस ठेकेदारांच्या असतात, त्यांना किलोमीटरमागे दर मिळतो. ही पद्धत जगभर आहे आणि तिच्यात एक फायदा आहे, प्रवासी मिळवण्यासाठी बस शर्यत लावत नाहीत. पण करारात फक्त किलोमीटर मोजले तर थांब्यावर बस उभी राहिली की नाही, शेवटची फेरी सुटली की नाही, याचे ठेकेदाराला सोयरसुतक नसते. बाईला बघून बस न थांबवता पुढे नेतात, ही तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती तक्रार ड्रायव्हरच्या स्वभावाशी संपत नाही, करारापर्यंत जाते.

तिकिटातला भेदभाव

१ जून २०२५ पासून पुण्यात बसभाडे वाढले. पूर्वी कमीत कमी तिकीट पाच रुपये होते, ते दहा झाले. पाच किलोमीटरपर्यंत दहा रुपये, दहा किलोमीटरपर्यंत वीस. रोजचा पास चाळीसचा सत्तर झाला, महिन्याचा नऊशेचा पंधराशे.

आता आपल्या चार घरच्या बाईचे गणित करू. ती तीन किलोमीटर गेली, उतरली, काम केले. पुन्हा दोन किलोमीटर गेली, काम केले. मग पाच किलोमीटर परत. एकूण दहा किलोमीटर, तिकिटे तीन, पैसे तीस. शेजारचा पुरुष एकाच बसने सरळ दहा किलोमीटर गेला, त्याला वीस. दर सगळ्यांना सारखाच आहे, कुणी भेदभाव केला असे म्हणता येत नाही. पण तुकड्यातुकड्यांचा प्रवास करणाऱ्याला तो महाग पडतो, आणि तुकड्यांचा प्रवास बाईच्या वाट्याला येतो. सत्तर रुपयांचा पास काढावा तर तिचे दिवसाचे तिकीट तीस-चाळीस होते. पंधराशेचा मासिक पासही तिच्या हिशेबात बसत नाही, शिवाय एकरकमी पंधराशे आणायचे कुठून? मग ती एक टप्पा चालत जाते. वाचलेले दहा रुपये दिसतात, अर्धा तास आणि दुखणारे पाय दिसत नाहीत.

याला उपाय आहे आणि तो जगातल्या अनेक शहरांत चालतो. वेळेवर आधारित तिकीट. एकदा तिकीट काढले की दोन तास कितीही वेळा बस बदला. ही मागणी आपण का करू नये?

आणखी एक लक्षात ठेवा. पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. २०२५ ची भाडेवाढ झाली तेव्हा निवडून आलेले सभागृहच नव्हते. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायांसाठी राखीव आहेत. पण सभागृहच नसेल तर त्या निम्म्या जागांचा उपयोग काय? बसचा प्रश्न शेवटी लोकशाहीच्या प्रश्नाला येऊन भिडतो तो असा.

फुकट प्रवास आणि 'महिला विशेष'

गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांनी बायांना बसप्रवास मोफत केला. दिल्लीने ऑक्टोबर २०१९ मध्ये, तमिळनाडूने २०२१ मध्ये साध्या बसमध्ये, कर्नाटकने जून २०२३ मध्ये 'शक्ती' नावाने. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीला अर्धे तिकीट आहे, पण ते एसटीला, शहरातल्या बसला नाही.

"बायांना फुकट कशाला? घरच्या मोलाने फिरतात, आता सरकारच्या पैशाने फिरतील," अशी टिंगल झाली. पण अनुभव काय आहे? तमिळनाडूच्या राज्य नियोजन आयोगाच्या अभ्यासात बायांचे महिन्याला सरासरी ८८८ रुपये वाचतात असे आढळले. कर्नाटकात जुलै २०२५ पर्यंत पाचशे कोटी फेऱ्या बायांनी केल्या. मला यात सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. फुकट असले तरी शून्य रुपयाचे तिकीट दिले जाते, दिल्लीत ते गुलाबी रंगाचे होते. त्या तिकिटांमुळे बाया पहिल्यांदा मोजल्या गेल्या. किती बाया, कुठल्या मार्गावर, किती वाजता, हे सरकारच्याच कागदावर आले. आपल्या शहरात तिकिटावरून प्रवासी बाई की पुरुष हे कळत नाही, म्हणून मागणी केली की उत्तर येते, "आकडेवारी उपलब्ध नाही."

पण मोफत तिकीट हे पुरेसे उत्तर नाही. तिकीट फुकट आणि बसच नाही, तर काय फायदा? कर्नाटकात योजना आल्यावर गर्दी वाढली, कंडक्टर आणि बाया यांच्यात खटके उडाले, "तुम्ही फुकट्या" असे ऐकून घ्यावे लागले. सवलतीचे पैसे सरकारने बससंस्थेला वेळेवर आणि पूर्ण दिले पाहिजेत, आणि त्याच जोडीला बसची संख्या वाढवली पाहिजे. नाहीतर एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने जाते.

तसेच 'महिला विशेष' बसचे. पुण्यात ८ मार्च २०१८ ला 'तेजस्विनी' बस सुरू झाल्या. बायांना त्या हव्या असतात, कारण तेवढा वेळ तरी अंग चोरून बसावे लागत नाही. ती गरज खरी आहे. पण शंभर बसमागे दोन-चार विशेष बस सोडून उरलेल्या बस पुरुषांच्या, असा अर्थ होता कामा नये. बोगोताने २०१४ साली बायांसाठी वेगळा भाग ठेवून पाहिला. तिथली जलद बस जगात नावाजलेली, पण इतकी खच्चून भरलेली, की बायांना त्रास ठरलेला. गर्दी हीच छेडछाडीची आडोशाची जागा असते. म्हणून सुरक्षिततेचा पहिला उपाय जास्त बस हा आहे. दिवे, मदतीचा क्रमांक, कॅमेरे हे त्यानंतर.

पैसा आणायचा कुठून?

हा प्रश्न आपल्याला हमखास विचारला जाईल, म्हणून उत्तर तयार हवे. बोगोताने आपल्या जलद बससाठी पेट्रोलवर अधिभार लावला आणि त्याचा एक हिस्सा बसला बांधून दिला. ज्यांच्या गाड्या रस्ता अडवतात त्यांनी बससाठी द्यावे, हे तत्त्व. आपल्याकडे रस्त्यावर मोटार उभी करायला कितीतरी ठिकाणी काहीच द्यावे लागत नाही. सार्वजनिक जमिनीवर खासगी वस्तू फुकट! भाजीवाली पाटी घेऊन तिथेच बसली तर तिला उठवतात. पुणे महापालिकेने २०१८ साली पार्किंगचे धोरण मंजूर केले, आणि पुढे ते कागदावरच राहिले. तो पैसा, मुद्रांक शुल्कावरच्या अधिभारातला न्याय्य वाटा, आणि महापालिकेच्या अंदाजपत्रकात बससाठी ठरलेला, न बदलणारा हिस्सा, या तीन गोष्टी मागता येतात.

केंद्राची २०२३ सालची 'पीएम ई-बस सेवा' योजना दहा हजार विजेच्या बससाठी आहे. त्यात बस चालवण्याच्या खर्चालाही दहा वर्षे मदत धरली आहे. म्हणजे बांधकामालाच पैसा देता येतो, चालवायला देता येत नाही, हा जुना युक्तिवाद आता केंद्रानेच सोडला आहे. हे आपल्या कामाचे आहे.

आपण काय करायचे

पहिले, मोजणी. प्रत्येक वस्तीत पंधरा-वीस बायांच्या एका दिवसाच्या प्रवासाची नोंद करा. कुठून कुठे, किती वाजता, थांब्यावर किती वेळ, किती पैसे, कुठला टप्पा पायी. लिहिता न येणाऱ्या बाईला विचारून आपण लिहायचे. शंभर बायांचा असा तक्ता घेऊन गेलो की "आकडेवारी नाही" म्हणायची सोय राहत नाही.

दुसरे, थांब्याची पाहणी. संध्याकाळी सातनंतर जा. दिवा आहे का, बसायला जागा आहे का, रस्ता ओलांडायची सोय आहे का, जवळ मुतारी आहे का. पुण्याने २०१६ साली पादचारी धोरण मान्य केले आहे, त्याची प्रत सोबत ठेवा.

तिसरे, अंदाजपत्रक वाचायला शिका. अवघड नाही. बससेवेच्या नावापुढचा आकडा आणि उड्डाणपूल-रस्त्यांच्या नावापुढचा आकडा एवढे दोन आधी शोधा. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे. थांब्यावरचा दिवा, पदपथ अशी कामे त्यात आपल्या गटाच्या नावाने द्या.

चौथे, मागण्या ठरवा आणि त्याच त्याच मांडत राहा. दोन तासांचे बदलीचे तिकीट. दुपारच्या आणि रात्रीच्या फेऱ्यांची हमी. ठेकेदाराच्या करारात थांबा चुकवण्याला दंड. तिकिटात बाई-पुरुष नोंद. शहरातल्या बसमध्ये बायांना सवलत आणि तिचे पैसे सरकारकडून वेळेवर. आणि कुठलीही बस मार्गिका काढण्याआधी त्या मार्गावरच्या प्रवाशांची, त्यातही बायांची, जाहीर सुनावणी.

पाचवे, कामगारांशी बोला. कंडक्टर आणि ड्रायव्हर हे आपले शत्रू नाहीत. कित्येक कंडक्टर आता बाया आहेत, आणि पाळी संपेपर्यंत त्यांनाही डेपोत धड संडास मिळत नाही. प्रवासी बाई आणि कंडक्टर बाई एका बाजूला आल्या तर ही मागणी फार वेगळी दिसेल.

बाईच्या वेळेला किंमत नाही, असे घरात धरले जाते, म्हणून ती सगळ्यांच्या नंतर जेवते. शहरही तेच धरून चालते, म्हणून ती थांब्यावर उभी राहते. घरातला हिशेब बदलायला आपण सुरुवात केली आहे. आता शहराच्या हिशेबाच्या वह्या मागून घेऊ. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या वस्तीतल्या निदान पाच बायांच्या प्रवासाची नोंद घेऊन या. तिथून पुढे बोलू.